दादामियाँची ओवाळणी

लग्नातल्या घोड्याला एकच गोष्ट शिकवलेली असते. बँडच्या मागं चालायचं. बँड थांबला की थांबायचं, बँड वळला की वळायचं. मुहूर्त, मांडव, नवरीकडची माणसं, ह्यातलं त्याला काही कळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्याचा पहिला दोष लोकांनी घोड्यावर टाकला, आणि त्या मुक्या जनावरानं तर आपलं काम चोख केलेलं.

मी संपत, येरवड्याचा. शाळा चौथीत सोडली, ढोल मात्र सोडला नाही. दादामियाँच्या बँडमध्ये पोटावरचा मोठा ढोल माझ्याकडं. दादामियाँ आमचे मास्तर, क्लॅरिनेट वाजवायचे. काडीसारखा माणूस. लाल कोट घातला की कोटच चाललाय असं वाटायचं. पण एकदा फुंकर मारली की लग्नातली म्हातारी माणसंसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवायची.

त्यांचा एक कायदा होता. बाजा वाजत असताना कुणी नवरदेवावरून नोट ओवाळून दिली तर ती घ्यायची. ती हक्काची. पण बाजा थांबलेला असताना कुणी प्रेमानं खिशात दहा रुपये घातले तरी परत करायचे. "बाजा बंद, तर हात बंद," म्हणायचे. "वाजवून घेतली ती ओवाळणी. न वाजवता घेतली ती भीक." आम्हाला राग यायचा. उन्हात घसा सुकलेला, समोर चहाचे पैसे येतायत, आणि मास्तर नको म्हणतायत. पण बोलणार कोण?

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. हिंगण्याच्या सर्जेरावांच्या मुलाचं लग्न होतं. हिंगणं म्हणजे आताचं कर्वेनगर. सर्जेरावांच्या वडलांनी तिथं ज्वारी काढली आणि सर्जेरावांनी त्याच रानात बिल्डिंगा काढल्या. माणूस मोठा, हात मात्र आखडता. सुपारी ठरवताना आमच्याशी अशी घासाघीस केली की बस. चहा किती वेळा, वडापाव किती, सगळं आधी ठरवून घेतलं. वर म्हणले, "हिंगण्यात नाव निघालं पाहिजे, काय मास्तर?"

दादामियाँ म्हणले, "नाव तुमचं निघेल साहेब. दम आमचा निघेल."

तर परण्या निघाला. परण्या म्हणजे नवरदेवाला मारुतीच्या देवळातून वाजतगाजत कार्यालयात न्यायचं. नवरदेव जयसिंग घोड्यावर, मुंडावळ्या बांधून, हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. पुढं आम्ही, मागं सगळी भावकी. वैशाखातलं ऊन. डांबर पायाला चिकटत होतं. सर्जेरावांचा धाकटा भाऊ हिंदुराव तेवढा नाचत होता, बाकीचे सावली बघून चालत होते.

कार्यालय आता जवळ आलेलं. रस्त्याच्या डाव्या अंगाला एक मोठं हॉस्पिटल लागतं. त्याच्यासमोर आलो आणि क्लॅरिनेट मधेच तुटलं. सूर ताणून धरलेला, तो अर्ध्यातच गेला. मी ढोलावरून बघतोय तर दादामियाँ खाली बसलेले. एक हात छातीवर, दुसऱ्या हातानं क्लॅरिनेट वर धरलेलं, जमिनीला लागू नये म्हणून.

"संपत, छातीवर कुणी तरी बसलंय रे," म्हणले.

आमच्यातला अमीन ट्रम्पेट वाजवायचा. त्यानं ट्रम्पेट काखेत मारलं, आम्ही दोघांनी मास्तरांना उचललं आणि डावीकडच्या गेटातून आत पळालो. ढोल माझ्या पोटावर तसाच. मागच्या छोट्या ढोलवाल्यांना पुढं काय झालं हे दिसलंच नाही. त्यांनी बघितलं, मास्तर डावीकडं वळले. तेही वाजवत वाजवत वळले. बँड वळला म्हणून घोडं वळलं. घोडं वळलं म्हणून नवरदेव वळला. आणि नवरदेव जिकडं गेला तिकडं सगळं हिंगणं गेलं.

वॉचमन धावत आला. "ए! घोडं कुठं आत आणता? पार्किंग मागं आहे!"

जयसिंग वरून म्हणाला, "अहो, मी उतरू शकत नाही. नवरदेवानं मांडवाच्या दारातच उतरायचं असतं."

मागं बायकांचा घोळका. आरतीची ताटं, नवे शालू, गजरे. एक म्हणाली, "कार्यालय मोठं घेतलंय गं भावजींनी. खुर्च्या बघ, बसवूनच टाकल्यात."

दुसरी म्हणाली, "पण डेटॉलचा वास का येतोय?"

"स्वच्छता ठिवलीय."

तिकडं आत आम्ही मास्तरांना स्ट्रेचरवर निजवलेलं. एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी पटापट नाकाला ऑक्सिजन लावला, जिभेखाली गोळी दिली, छातीला वायरी चिकटवल्या. मशिनमधून निघालेला कागद बघून म्हणाल्या, "हार्ट अ‍ॅटॅक आहे. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं. जितका उशीर कराल तितकं हृदय मरत जाईल. इंजेक्शन खाली तळघरातल्या मेडिकलमधून आणा आणि काउंटरवर डिपॉझिट भरा."

मी काउंटरला गेलो. तिथं एक चष्म्यावाल्या बाई बसलेल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, पोटावर ढोल.

"डिपॉझिट पंधरा हजार," बाई म्हणाल्या.

"बाई, माणूस मरतोय."

"इथे सगळे त्याच कारणानं येतात. सहज म्हणून कोणी येत नाही."

"निम्मे आत्ता, निम्मे..."

"ही भाजी नाही. आणि तो ढोल काचेला लावू नका."

सगळ्या बँडचे खिसे उलटे केले तरी ढोलाची दोरी आली नसती. मी परत येऊन मास्तरांच्या कानाशी आकडा सांगितला. सांगायला नको होता, पण ते विचारतच होते. आकडा ऐकला आणि त्यांनी नाकातली नळी काढली.

"घरी ने मला."

"मास्तर, येडे झाले काय?"

"पंधरा हजार नुसते आत शिरायचे. बाहेर पडायचे किती? शेजारच्या गल्लीतल्या बँडचं काय झालं, बघितलं ना? मास्तर आजारी पडला, हॉस्पिटलनं एकेक ट्रम्पेट गिळलं, सगळे ढोल गिळले. मास्तर जगला आणि पोरं आता मांडवाचे बांबू उचलतात. माझी वाजंत्री विकून मी जगू? मग वाजवू काय, बोटं? अमीन, तुझ्या घरात चूल कशावर पेटते रे?"

अमीन रडायलाच लागला.

डॉक्टरीणबाई हातात फॉर्म घेऊन उभ्या. "बाबा, सही करा. सहीशिवाय मला इंजेक्शन देता येणार नाही."

"नाही करणार."

तेवढ्यात सर्जेराव आले. घामानं फेटा सुटलेला, चेहरा तापलेला. "आरं काय चाललंय काय? मुहूर्त टळायला लागलाय! नवरीकडची माणसं दारात हायत, आन नवरदेव दवाखान्यात!"

मग त्यांनी स्ट्रेचरकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. खिशातून नोटांची जाड गड्डी काढली आणि म्हणले, "किती पायजेत? हे घ्या. मी देतो. लोकांना पण कळू दे, सर्जेराव कोण हाय ते."

हे शेवटचं वाक्य बोलले नसते तर काम झालं असतं.

दादामियाँनी डोळे मिटूनच मान हलवली. "बाजा बंद आहे, साहेब. हात पण बंद."

"आरं मरशील की म्हाताऱ्या!"

"मरीन. पण उद्या तुम्ही चावडीत बसून सांगाल, बँडवाल्याला मी जगवला. मग जन्मभर तुमच्या दारात फुकट फुंकत बसू मी?"

सर्जेरावांना ते झोंबलं. कारण ते खरंच सांगितलं असतं त्यांनी. गड्डी हातात, हात हवेत, पुढं काय करावं कळेना. डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या. मास्तरांच्या ओठांचा रंग उतरत चाललेला. मी त्यांचा पाय धरून उभा. माझ्या आयुष्यात मी इतका ढोल बडवला, पण त्या वेळी माझ्या छातीत जो वाजत होता तसा कधी वाजला नव्हता.

तेव्हा मागून काठीचा आवाज आला. सर्जेरावांची थोरली बहीण मथुराबाई. नवरदेवाची आत्या. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि तोंड असं की सर्जेरावसुद्धा पदर दिसला की रस्ता बदलायचे.

"काय म्हणतोय ह्यो बँडवाला?"

मी सांगितलं. कायदा, बाजा, हात, सगळं.

आत्या म्हणाली, "भीक घेत न्हाय, बरोबर हाय. म्यापन घेतली नसती, त्यातनं सर्जाची तर न्हाईच. पण ओवाळणी घेतोय ना? मंग रडताय कशापायी? नवरदेव दारात घोड्यावर हाय. वाजवा की!"

अमीननं डोळे पुसले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आत आयसीयू आहे! इथे बँड वाजवायचा नाही."

"बँड कोण वाजवतंय? बारशाला वाजवत्यात तसं हळू वाजवंल ह्यो. काय रं ढोलवाल्या, हळू वाजवता येतं का नुसता बडवतोस?"

मी बाकावरची हॉस्पिटलची चादर ओढली, दुहेरी करून ढोलावर टाकली. ढोल बडवायचं टिपरू बाजूला ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं. मग स्वतःच स्ट्रेचर ढकलत दारापाशी आणलं. "दारापर्यंतच. आणि मी यांच्या जवळ उभी राहणार," म्हणाल्या.

बाहेर पोर्चमध्ये घोडं शांत उभं होतं. त्याच्यावर जयसिंग. दारात स्ट्रेचर. मास्तरांची तुरेवाली टोपी मी त्यांच्या पायाशी उलटी ठेवली आणि बोटांच्या पेरांनी ढोल वाजवायला लागलो. नवरदेव मांडवाच्या दारात आल्यावर जो ठेका असतो, तोच. धा धिन, धा धिन. आवाज एवढाच, की आंघोळीच्या बादलीत नळ ठिबकतोय. पण वाजत होता. बाजा चालू होता.

मास्तरांनी डोळे उघडले.

आत्यानं कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यातून घडी घालून घालून मऊ झालेली नोट काढली, काठी टेकत घोड्यापाशी गेली, जयसिंगावरून तीनदा ओवाळली आणि टोपीत टाकली. "घे रे बाबा. माझ्या भाच्याची हाय. हक्काची हाय."

दादामियाँनी हात उचलून कपाळाला लावला. घेतली. ओवाळणी घेतली त्यांनी!

मग काय विचारता. बायका पुढं आल्या. ब्लाउजातून, बटव्यातून, रुमालाच्या गाठीतून नोटा निघाल्या. जयसिंगच्या डोक्यावरून हात फिरतायत, घोड्याच्या कानाला बांगड्या लागतायत, तरी घोडं हललं नाही. हिंदुराव आला, त्यानं शंभराची ओवाळली आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी टाकली. सर्जेराव बघत होते. धाकट्या भावानं शंभर टाकले आणि थोरला नुसता उभा, हे हिंगण्यात कसं चालेल? त्यांनी पाचशेची काढली. हिंदुरावानं दोन शंभराच्या. सर्जेरावांनी परत पाचशेची. चुलते आले, मेहुणे आले. ज्या माणसानं आमचा वडापाव मोजला होता, त्याच्या गड्डीचं रबर तुटलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. तेच पैसे, तोच माणूस. पण आता ते वाजवून येत होते, आणि मास्तर एकेक नोटेला कपाळाला हात लावत होते.

हॉस्पिटलची माणसं पण गोळा झाली. हाताला प्लास्टर घातलेला एक जण म्हणाला, "मी वरातीतला नाही, चालेल का?" आत्या म्हणाली, "नवरदेवावरनं ओवाळायला नातं लागत न्हाय." त्यानं डाव्या हातानं ओवाळली. घोडेवाल्यानं टाकली. तो मघाचा वॉचमन, त्यानं इकडं तिकडं बघितलं, दोनाची नोट काढली आणि घोड्याला म्हणाला, "पार्किंग मागं आहे म्हटलं होतं," आणि टाकली टोपीत.

"सही कुठं करायची?" दादामियाँ म्हणले.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म त्यांच्या छातीवरच ठेवला. त्यांनी सही पूर्ण केली. बाई अमीनला म्हणाल्या, "पळ, इंजेक्शन आण." अमीन टोपीतल्या मूठभर नोटा घेऊन जिना एका दमात उतरला. मी टोपी घेऊन काउंटरला.

चष्म्यावाल्या बाईंनी टोपीत बघितलं. नोटांना हळद, कुंकू, अक्षता चिकटलेल्या. एका नोटेत गजऱ्याचं फूल.

मी म्हणालो, "कुंकवाच्या चालतील का?"

"रिझर्व्ह बँकेला चालतात. आम्ही कोण?" आणि त्या मोजायला लागल्या. मधे एकदा थांबल्या, अक्षता चिमटीत धरून एका कागदावर बाजूला काढल्या. कचऱ्यात नाही टाकल्या, हे मी बघितलं. मोजून झाल्यावर पावती फाडली आणि उरलेल्या नोटा माझ्याकडं सरकवल्या. "हे जास्तीचे. आणि तो ढोल काचेला लावू नका, दोनदा सांगितलं."

इंजेक्शन गेलं. आम्ही काचेतून बघत होतो. हळूहळू मास्तरांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि त्यांनी झोपल्या झोपल्या माझ्याकडं बघून बोट हलवलं. ठेका चुकला होता म्हणून. चुकलाच होता तिसऱ्या मात्रेला, रडताना काय कळतंय.

बाहेर सर्जेरावांनी फेटा परत बांधला. हिंदुराव म्हणाला, "चला रं, वाजवा आता." तर सर्जेराव म्हणले, "न्हाय. आत माणूस झोपलाय. गुमान चला." आणि हिंगण्याच्या सर्जेरावांच्या मुलाचा परण्या एक टिपरी न वाजता कार्यालयात गेला. मुहूर्त टळलेला. भटजी चिडलेले. आत्या त्यांना म्हणाली, "पंचांगात आनखी एक शोधा. दक्षिना दोन मुहूर्ताची घ्या." भटजींना लगेच सापडला.

मास्तरांना सोडायची वेळ आली तेव्हा बिल आलं. लांबच लांब. खाटेचं वेगळं, मशिनचं वेगळं, डॉक्टरांनी दारातून डोकावलं त्याचं वेगळं. डिपॉझिट वजा करूनसुद्धा उरलेला आकडा बघून मास्तरांची बायको अख्तरबानू मटकन खालीच बसली. दादामियाँनी क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरली.

मी बिल घेऊन काउंटरला गेलो. आता ढोल नव्हता, तरी बाईंनी ओळखलं.

"काय, घोडं आलं नाही आज?"

मी बिल पुढं केलं. बाईंनी चष्मा वर केला. "महिन्याचं उत्पन्न काय तुमच्या मास्तरांचं?"

"सीझनला असतं. पावसाळ्यात काय नाही."

त्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. "हे ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. गरीब पेशंटसाठी इथे खाटा राखून ठेवायच्या असतात. कायदा आहे तसा. हा भरा, रेशनकार्ड जोडा. बहुतेक सगळं माफ होईल."

माझं डोकंच फिरलं. "मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"पहिल्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत."

"आम्हाला काय माहीत, विचारायचं असतं ते?"

बाई आवाज खाली करून म्हणाल्या, "आम्ही आपणहून सांगायचं नाही, असं वरून सांगितलेलं असतं. आज मी सांगितलं. आता फॉर्म भरा, माझी नोकरी जायच्या आत."

दादामियाँ पेटी घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहिलेले. फॉर्मकडं बघून म्हणले, "माफी? म्हणजे खैरातच ना ही?"

बाई काचेतून म्हणाल्या, "आजोबा, खैरात नाही. ही सरकारची ओवाळणी समजा. फक्त सरकार जोरात वाजवल्याशिवाय देत नाही."

दादामियाँ हसले. पहिल्यांदा हसले त्या हॉस्पिटलात. सही केली. उरलेलं किरकोळ बिल टोपीतल्या जास्तीच्या नोटांमधून भागलं. एक ट्रम्पेट गेलं नाही, एक ढोल गेला नाही.

पण गोष्ट इथं संपली असं तुम्हाला वाटेल. मास्तरांना नाही वाटलं. डॉक्टरीणबाईंनी फुंकायला मनाई केलेली, तर सगळा पावसाळा घरी बसून एकच घोकत होते. "संपत, परण्या अर्धा राहिला. नोटा घेतल्या पुऱ्या मिरवणुकीच्या आणि नेलं दवाखान्यापर्यंत. नवरीच्या दारात बाजा वाजलाच नाही. ही उधारी आहे."

तुळशीची लग्नं झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थोडं वाजवा. त्याच आठवड्यात आम्ही लाल कोट घालून हॉस्पिटलच्या गेटावर उभे. हिंगण्याला आधी निरोप गेलेला. जयसिंग घोड्यावर, तोच घोडा. त्याची बायको शालू कार्यालयाच्या दारात आरतीचं ताट घेऊन थांबलेली, नव्यानं नवरी झाल्यासारखी. लाजत होती आणि हसतही होती. मथुराबाई पुढं काठी टेकत. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या मागं चष्म्यावाल्या बाई, हातात जेवणाचा डबा.

जिथं सूर तुटला होता, तिथूनच दादामियाँनी उचलला. आधी बारीक आला. मग उघडला. आणि मी काय ढोल बडवला म्हणता! चादर नाही, बोटं नाही, टिपरूनं, दोन्ही हातांनी, वैशाखापासून पोटात दाबून ठेवलेलं सगळं काढलं बाहेर. दुकानदार रस्त्यावर आले. बस थांबली. हिंदुराव तर आडवा होऊन नाचला. कार्यालयाच्या दारात शालूनं ओवाळलं, जयसिंग घोड्यावरून उतरला, दादामियाँनी शेवटचा सूर लांबवला आणि क्लॅरिनेट खाली घेतलं. फिटलं.

सर्जेराव पुढं आले. डोळे भरलेले. खिशातून पाचशेची काढली आणि मास्तरांच्या पुढं धरली. ह्या वेळी काही बोलले नाहीत.

दादामियाँनी दोन्ही हात मागं घेतले. "बाजा बंद आहे, साहेब."

सर्जेरावांचं तोंड पडलं. मास्तरांनी हळूच माझ्याकडं बघितलं. भुवई एवढीशी वर केली.

मी ढोलावर एकच हाणला. धम्म!

आणि दादामियाँनी हात पुढं केला.